विमानाचा पाय आणि शाळेतला तानकाटा

(दहावी १९९६ तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘संगणक क्षेत्रातील संधी’ असा विषय छापला आहे. पण सकाळपासून त्यावर तिघं बोलून गेलेत आणि चौथ्यांदा ऐकायची तुमची तयारी दिसत नाही. शिवाय बाहेर भरिताचा वास सुटलाय. म्हणून विषय बदलते. मी विमानाच्या पायांबद्दल बोलणार आहे, आणि शेवटी एक जुनी गोष्ट कबूल करणार आहे. ती आपल्या तुकडीतल्या एकाला नक्की आठवत असेल.

धुळ्यात वाढलेल्या आपल्यापैकी किती जणांनी गोंदूरची धावपट्टी आतून पाहिली आहे? बघा, दोनच हात वर आले. लहानपणी आपल्यासाठी विमान म्हणजे उन्हाळ्यात गच्चीवर झोपल्यावर वर लुकलुकत जाणारा दिवा. आता तिकडून जाताना छोटी शिकाऊ विमानं दिवसभर घिरट्या घालताना दिसतात. १९२८ साली स्थापन झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबचं प्रशिक्षण आज धुळ्यात चालतं, हे पुण्यातल्या माझ्या ऑफिसात सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही. कॅप्टन अमोल यादवांनी कांदिवलीत चारकोपला इमारतीच्या गच्चीवर बांधलेलं सहा आसनी विमान तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. २०१६ साली ते बीकेसीच्या प्रदर्शनात मांडलं होतं, नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली आणि २०२० साली त्याच्या चाचण्या झाल्या त्या आपल्या धुळ्यात. नवं विमान उडायच्या आधी नुसतं जमिनीवर पळवून बघतात. म्हणजे पंखांच्या आधी परीक्षा पायांची.

हे मला कसं माहीत? माझा भाचा वैमानिक व्हायला निघालाय. खान्देशातल्याच एका धावपट्टीवर शिकतो. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तास उड्डाण लागतं आणि प्रत्येक तासाचे पैसे मोजावे लागतात. माझ्या भावाने त्यासाठी काय काय गहाण ठेवलंय ते इथं सांगत नाही, पण एकेक तास घरात सगळ्यांच्या तोंडपाठ असतो.

गेल्या उन्हाळ्यात मी बापूंना घेऊन तिकडे गेले होते. बापू म्हणजे माझे वडील. मुंबई–आग्रा रस्त्यावरच्या गॅरेजात त्यांनी पस्तीस वर्षं ट्रकचे कमान पाटे बसवले. परवानगी काढून आम्ही हँगरमध्ये गेलो. बापूंनी इंजिनकडे पाहिलंही नाही. धोतर सावरून सरळ विमानाखाली बसले आणि मागच्या चाकाच्या पायावर हात फिरवत म्हणाले, “हाई तं आपला पाटाच शे!”

आणि ते खरंच होतं. सेस्नाच्या छोट्या विमानांच्या मुख्य चाकांना शॉकअप नसतोच. पोटातून दोन्ही बाजूंना स्प्रिंग स्टीलचा एकेक पाय बाहेर येतो, टोकाला चाक. जुन्या सेस्ना १७२ ला चपटी पट्टी असे, १९७० नंतरच्या विमानांना निमुळती नळी. कल्पना स्टीव्ह विटमन नावाच्या अमेरिकन शर्यतपटूची. त्याने तिचं पेटंट घेतलं, सेस्नाने त्याच्याकडून हक्क घेतले आणि १९४६च्या विमानांना ते पाय लावले. वंगण नको, सील नको, झिजायला काही नाही.

बापूंना मात्र शंका. ट्रकच्या पाट्यात एकावर एक पट्ट्या असतात. दणका बसला की त्या एकमेकींवर घासतात आणि त्या घासण्यात दणक्याचा जोर मरतो. “इथं तर एकच. मग उसळत कसं नाही?”

तिथल्या इंजिनिअरने हसून सांगितलं, “काका, उसळतं की! तीच तर भानगड आहे.”

चाक टेकलं की पाय बाहेरच्या बाजूला फाकतो आणि टायर रस्त्यावर आडवा घासतो. त्यात थोडा जोर जातो, उरलेला स्टील परत करतं. विद्यार्थ्याने घाबरून दांडा पुढे ढकलला की दुसऱ्या उडीत विमान नाकावर येतं, तिसरी उडी त्याहून वाईट. अशा वेळी पूर्ण शक्ती देऊन पुन्हा वर निघून जायचं, हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. ऐनवेळी आठवतं का, हा प्रश्न.

नाकाखालचं चाक वेगळ्या जातीचं. तिथे तेल आणि वायूचा शॉकअप असतो. तुमच्या मोटारसायकलच्या पुढच्या फोर्कचा हा मोठा भाऊ. वर दाबलेला वायू स्प्रिंगचं काम करतो, खाली लाल हायड्रॉलिक तेल. दणका बसला की तेल बारीक भोकातून ढकललं जातं, तापतं, आणि दणका त्या उष्णतेत संपतो. स्टीलसारखा परत येत नाही. सेस्ना १७२ च्या पुढच्या पायात ४५ पौंडांचा दाब भरतात. हवेपेक्षा नायट्रोजन बरा, कारण हवेतल्या ओलाव्याने आतून गंज धरतो.

याची देखभाल ऐकून बापू खूष झाले, कारण सगळं ओळखीचं. बाहेर दिसणारी चकचकीत दांडी रोज तेलाच्या फडक्याने पुसायची. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये काय धूळ उडते ते सांगायला नको. ती दांडीवर बसते, दांडी आत जाताना सीलला ओरखडते, आणि मग तेल गळायला लागतं. दांडी किती बाहेर आहे ते रोज बघायचं. फार आत गेली असेल तर पंख्याचं पातं जमिनीच्या जवळ येतं, फार बाहेर असेल तर पाय ताठर होतो. शेजारी शिमी डँपर म्हणून एक छोटी नळी असते. रेल्वे स्टेशनवरच्या हातगाडीचं पुढचं चाक पळवताना कसं थडथडतं, तसं विमानाचं थडथडू नये म्हणून.

थोडं विषयांतर करते. अलास्कासारख्या ठिकाणी नदीकाठच्या गोट्यांवर, माळावर उतरणारी विमानं असतात, त्यांना बुश प्लेन म्हणतात. पायपर कंपनीच्या जुन्या छोट्या विमानांना तर पायात चक्क रबराची दोरी असते. रबराच्या शेकडो तारा एकत्र करून वर सुताचं विणलेलं आवरण. सायकलच्या कॅरिअरला आपण डबा बांधायचो तशी, फक्त जाड. ती कोणत्या साली बनली हे आवरणातल्या रंगीत दोऱ्यांवरून कळतं, कारण रबर नुसतं पडून राहिलं तरी म्हातारं होतं. आता पुष्कळ लोक दोरी काढून तिथे तेल-वायूचे शॉकअप बसवतात आणि मोठे, मऊ, कमी दाबाचे टायर लावतात. गोट्यांवर उतरलं तरी विमान बेडकासारखं उडत नाही. माझ्या मते हा बदल पैसे वसूल करणारा आहे, पण त्या शॉकअपचं सील बघायला माणूस हवा. दोरीचं बरं असतं, ती बिघडली तर डोळ्यांना दिसतं.

जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून मुंबईला टपाल आणलं ते पस मॉथ जातीच्या विमानातून. त्याच्या पायातल्या शॉकअपचं आवरण वैमानिकाला आडवं फिरवता यायचं, म्हणजे वारा अडून ब्रेक लागायचा. पायाचा असाही उपयोग! हे वाचलं तेव्हा मी बापूंना रात्री दहाला फोन केला होता.

आता मूळ गोष्टीकडे येते.

आमच्या त्या भेटीनंतर महिनाभराने भाच्याचा फोन आला. रात्रीचे साडेअकरा. “आत्या, एक विचारू? कुणाला सांगू नकोस.” तो एकटाच उडत होता. उतरताना तीन उड्या बसल्या, तिसरीला नाक आपटलं. मग नीट थांबला, विमान जागेवर लावलं. कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या सकाळी पुढच्या पायाखाली लाल तेलाचे चार थेंब दिसले. “आधीच्या कुणाचं असेल ना, आत्या? सील जुनं असेल.”

त्याला काय ऐकायचं होतं ते मला कळत होतं. वहीत ‘हार्ड लँडिंग’ लिहिलं की विमान तपासणीला जातं. चाकं, टायर, पाय जिथे पोटाला जोडलाय तिथले बोल्ट, इंजिनमागची पत्र्याची भिंत, पंख्याचं पातं, सगळं बघावं लागतं. तोवर ते विमान बंद. मग बाकीच्या मुलांचे तास बुडतात आणि ती मुलं रोज एकाच मेसमध्ये जेवतात.

छोटं विमान पास करताना त्याचे पाय वजनासकट ठराविक उंचीवरून पाडून बघतात. ती उंची किती असेल? अमेरिकन नियमांत ती ९.२ ते १८.७ इंच होती. म्हणजे जास्तीत जास्त आपल्या वर्गातल्या बाकाएवढी. बाकावरून उडी मारल्याइतका दणका सोसायला तो पाय बांधलेला असतो. त्यापुढे गेलं तर स्टील तुटेलच असं नाही. ते थोडंसं वाकतं, तसंच राहतं, आणि बाहेरून पूर्वीसारखंच दिसतं. माझ्या धंद्यात चुकीचा कोड मागे घेता येतो, कालची प्रत परत आणता येते. पत्र्याला पडलेली घडी मागे घेता येत नाही.

मी त्याला यातलं काहीच सांगितलं नाही. मी त्याला तानकाट्याची गोष्ट सांगितली.

नववीत प्रयोगशाळेत आर्किमिडीजचा प्रयोग होता. लोखंडाचा ठोकळा आधी हवेत तोलायचा, मग पाण्यात. मधल्या सुट्टीत मी आत शिरले आणि माझं दप्तर किती जड आहे ते बघायला ते तानकाट्याला अडकवलं. काटा होता पाचशे ग्रॅमचा, दप्तर होतं चार-पाच किलोचं. स्प्रिंग खाली आली ती आलीच. दप्तर काढल्यावर दर्शक शून्यावर जाईना, चाळीसवर थांबला. मी तो काटा कपाटात मागच्या बाजूला ठेवला आणि निघून आले.

गंमत अशी, की पाण्यात वजन किती घटलं एवढंच विचारलं तर उत्तर बरोबर यायचं. दोन्ही वाचनांत चाळीस जास्त, वजाबाकीत ते उडून जायचे. म्हणून कुणाला पत्ता लागला नाही. मग सरांनी लोखंडाचं विशिष्ट गुरुत्व काढायला सांगितलं. तो काटा ज्याच्या वाट्याला आला त्याचं वाचन हवेत ४३०, पाण्यात ३८०. पन्नासने भागलं, उत्तर आलं ८.६. पुस्तकात ७.८. सर म्हणाले, वाचन नीट घेतलं नाहीस. तो म्हणाला, घेतलं. सरांनी पुन्हा करायला लावलं, पुन्हा ८.६. उलट बोलतो म्हणून तासभर वर्गाबाहेर उभं केलं.

तो बरोबर होता. मी दुसऱ्या बाकावर बसून वही खाली घातली होती. तो आज इथं आलाय, चौथ्या रांगेत. सकाळी त्याला भेटले तेव्हा धीर झाला नाही, म्हणून माईकवरून सांगतेय. सर, तुम्हीही समोर बसलाय. तो काटा मी बिघडवला होता.

भाच्याने दुसऱ्या दिवशी वहीत लिहिलं. तपासणीत पायाचं सील गेलेलं निघालं, आणि इंजिनमागच्या भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात एक बारीक घडी निघाली. वरून बघून ती कधीच दिसली नसती. विमान काही आठवडे बंद राहिलं. कुणी त्याची पाठ थोपटली नाही. मेसमध्ये दोघं त्याच्याशी बोलेनासे झाले, आणि प्रशिक्षकांनी त्याला पुन्हा आपल्या शेजारी बसवून नुसती चढ-उतर करायला लावली. तेवढे तास वाढले, तेवढे पैसेही. भाऊ माझ्यावर थोडा रागावला होता. अजूनही आहे बहुतेक. बापू एवढंच म्हणाले, “घडी कुठल्या कोपऱ्यात होती?” आणि मला कागदावर चित्र काढून दाखवायला लावलं.

शाळेला भेट द्यायची म्हणून आपण सगळ्यांनी वर्गणी काढून संगणक घेतलेत, ते ठीकच. मी त्याशिवाय प्रयोगशाळेसाठी सहा तानकाटे आणलेत, पाचशे ग्रॅमचे. त्या टेबलावर आहेत. काल रात्री एकेक टांगून बघितला, सगळे शून्यावर आहेत. जेवायला जाण्याआधी चौथ्या रांगेतल्या आपल्या मित्राने ते पुन्हा एकदा तपासावेत अशी माझी विनंती आहे. त्याचं वाचन मी मानेन.