न्यूयॉर्कच्या लोकबागा



ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दूरच्या न्यूयॉर्क शहरातील बागांचे प्रयोजन काय, अशी शंका काहींच्या मनात आली असेल. परंतु जी वास्तू लोकांच्या वर्गणीतून उभी राहिली, तिच्या छायेत बसलेल्यांना हा विषय परका वाटण्याचे कारण नाही.

१९७० नंतर न्यूयॉर्कची आर्थिक घडी पार विसकटली. १९७५ साली तर महापालिका दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर येऊन ठेपली. मॅनहॅटनमधील लोअर ईस्ट साइड, साउथ ब्राँक्स, ब्रुकलिनचा काही भाग या गरीब वस्त्यांत घरमालकांना घर राखण्यापेक्षा सोडणे स्वस्त पडू लागले. कोणी कर थकवून निघून गेले, कोणी विम्याच्या लोभाने आपल्याच इमारतींना आगी लावल्या. थकलेल्या करापोटी हजारो भूखंड महापालिकेच्या गळ्यात पडले. त्यांवर विटांचे ढिगारे, मोडके पलंग, टायर आणि मादक द्रव्यांचा व्यापार.

लिझ क्रिस्टी ही त्याच भागात राहणारी चित्रकार. १९७३ साली बावरी आणि ह्यूस्टन या रस्त्यांच्या कोपऱ्यावरील असा एक भूखंड तिने आणि तिच्या सोबत्यांनी साफ करावयास घेतला. या मंडळींनी स्वतःस ‘ग्रीन गरिलाज’, म्हणजे हिरवे गनिम, असे नाव घेतले होते. गनिमी काव्याशी मराठी मनाचे नाते जुने आहे. पण या गनिमांची शस्त्रे निराळी होती. फुग्यांत बी, खत आणि पाणी भरून ते बंद भूखंडांच्या कुंपणापलीकडे भिरकावीत.

कोपऱ्यावरच्या त्या जागेत मात्र बी फेकून भागणारे नव्हते. राडारोडा वाहून न्यावा लागला. अशा जागांच्या मातीत जुन्या घरांच्या रंगांतले शिसे उतरलेले असते. म्हणून बाहेरून माती आणून उंच वाफे बांधण्याची रीत पडली. येथे असे साठ वाफे झाले आणि त्यांत भाजीपाला पिकू लागला. एप्रिल १९७४ मध्ये महापालिकेने ही जागा महिना एक डॉलर भाड्याने दिली. या आकड्यात औदार्य दिसते. त्यातली गोम पुढे उघड झाली.

१९७८ साली महापालिकेने ‘ग्रीनथंब’ ही योजना काढली आणि अशा बागांना रीतसर परवाने मिळू लागले. पण ते अल्प मुदतीचे, पालिकेला हवी तेव्हा जागा परत घेता यावी अशा अटींचे. तरीही बागा वाढल्या. पोर्तो रिकोहून आलेल्या कुटुंबांनी आपल्या बेटावरल्यासारख्या लहानशा लाकडी झोपड्या बागांत उभारल्या, मका-मिरची लावली. भाड्याच्या खोलीत जन्म काढणाऱ्या माणसांना ते अंगणच होते.

अॅडम पर्पल नावाच्या एका विक्षिप्त गृहस्थाने १९७५ पासून सेंट्रल पार्कमधली घोड्यांची लीद सायकलवरून वाहून आणून वर्तुळात वर्तुळे अशी एक अपूर्व बाग फुलविली. जानेवारी १९८६ मध्ये ती जमीनदोस्त झाली आणि तेथे अल्प उत्पन्नाच्या लोकांसाठी घरे आली. येथे खलनायक शोधू गेल्यास पंचाईत होते. बेघराला छप्पर आधी की शेजाऱ्याला बाग आधी, या प्रश्नाचे उत्तर भावनेच्या भरात देता येत नाही.

पण १९९९ साली महापौर रुडॉल्फ जुलियानी यांनी शंभरावर बागा लिलावात काढल्या, तेव्हा हा पेच खरा नव्हताच. पालिकेपाशी दुसरे हजारो मोकळे भूखंड पडून होते, आणि लिलावात जागा घेणाऱ्यावर गरिबांसाठी घरे बांधण्याची अट नव्हती. ही बाजारपेठेची अर्थव्यवस्था आहे, साम्यवादाचे युग संपले, अशा आशयाचे उत्तर महापौरांनी दिले. कोथिंबिरीच्या वाफ्यात साम्यवाद पाहण्यास दृष्टी विशेष लागते! लिलावाच्या ऐन आदल्या दिवशी दोन संस्थांनी मिळून सुमारे ४२ लाख डॉलरना त्या बागा विकत घेतल्या. त्यांपैकी एक संस्था अभिनेत्री बेट मिडलर यांनी स्थापलेली होती. पंचवीस वर्षांच्या श्रमांनी जो हक्क मिळाला नाही, तो पैशाने एका दिवसात मिळाला. विजयच तो, पण त्याला एक कडवट चव आहे.

‘एस्पेरान्सा’, म्हणजे आशा, हे नाव असलेल्या बागेच्या वाट्याला तेही आले नाही. वीस वर्षांहून जुनी ही बाग राखण्यासाठी कार्यकर्त्यांनी ‘कोकी’ या पोर्तो रिकोच्या बेडकाची प्रचंड प्रतिकृती उभारून तीत रात्री पहारा दिला. १५ फेब्रुवारी २००० रोजी सकाळी बुलडोझर आले. बागा तोडण्यास न्यायालयाने तात्पुरती मनाई केली ती त्याच दिवशी, पण थोडी उशिरा. पुढे २००२ साली तडजोड झाली. शेकडो बागांना संरक्षण मिळाले, काहींच्या जागी घरे बांधण्यास मोकळीक राहिली. परवाना असलेल्या बागांनी आठवड्यातून ठराविक तास आपले दार सर्वांसाठी उघडे ठेवावे, असा नियम आहे.

लिझ क्रिस्टीला यातले पुष्कळसे पाहावयास मिळाले नाही. ती १९८५ साली वारली. कोपऱ्यावरची बाग आज तिच्या नावाने ओळखली जाते. तेथे डॉन रेडवुड जातीचा एक उंच वृक्ष आहे. १९४० नंतरच्या दशकात चीनमध्ये जिवंत सापडेपर्यंत ही जात शास्त्रज्ञांना केवळ जीवाश्मांवरून ठाऊक होती.