शाळेजवळचा नाला आणि नाग नदी

(प्राथमिक शिक्षकांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



भूगोलाच्या तासाला पावसाच्या पाण्याचा प्रवास शिकविला जातो. पाणी शेतातून नाल्यात, नाल्यातून नदीत आणि नदीतून समुद्रात जाते, हे चौथीतील मूलही सांगू शकते. उत्तर बरोबर आहे, पण अर्धेच आहे. वाटेत त्या पाण्याने बरोबर काय नेले आणि ते कोणाच्या घागरीत जाऊन पडले, हे त्यात येत नाही. प्रस्तुत विवेचन या राहिलेल्या भागासंबंधी आहे.

नागपूर जिल्ह्यातील शिक्षकास याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. जिच्यावरून शहरास नाव मिळाले असे मानतात, ती नाग नदी शहराच्या पश्चिमेस लाव्ह्याच्या टेकड्यांत उगम पावते. अंबाझरी तलावापासून पुढे ती भर वस्तीतून पूर्वेकडे वाहते. तिला पिवळी नदी मिळते. मग ती कन्हानला आणि कन्हान वैनगंगेला मिळते. वैनगंगा व वर्धा यांच्या संगमातून प्राणहिता होते आणि प्राणहिता गोदावरीत जाते. ज्या भूभागावर पडलेले पाणी एका प्रवाहाकडे उतरते, त्यास त्या प्रवाहाचे पाणलोट क्षेत्र म्हणतात. घराचे छप्पर, अंगण, रस्ता, उकिरडा, शेत ही सारी त्या क्षेत्राचीच अंगे होत.

नदीत घाण दोन वाटांनी येते. पहिली वाट डोळ्यांना दिसते. पावसाळी गटारे पावसाचे पाणी लवकर वाहून नेण्यासाठी बांधलेली असतात. त्यांत शुद्धीकरणाची सोय नसते. वस्ती वाढते, मलवाहिन्या मागे पडतात, आणि घरांचे सांडपाणी जवळच्या पावसाळी गटारात सोडले जाते. नाग नदीची दुर्दशा मुख्यतः अशीच झाली. दुसरी वाट सहसा ध्यानात येत नाही. उन्हाळाभर जमिनीवर साचलेली धूळ, शेण, राख, रस्त्यावरचे तेल, शेतातील खत व कीटकनाशके मृगाच्या पहिल्या सरींबरोबर एकदम प्रवाहात उतरतात. म्हणून पहिल्या पावसाचे वाहते पाणी सर्वांत मलिन असते.

जमीन उघडी व झाडाझुडपांची असली, तर पाणी मुरते आणि गाळही बराच अडतो. तीच जमीन सिमेंटने झाकली, की पाणी थांबत नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. अंबाझरी तलाव भरून वाहिला, नागेच्या काठची वस्ती पाण्याखाली गेली व काही माणसे प्राणास मुकली. घराघरांत शिरलेल्या त्या पाण्यात गटारांचे पाणीही मिसळलेले होते. पूर आणि प्रदूषण यांचे मूळ पुष्कळदा एकाच पाणलोटात असते, हे यावरून समजावे.

शहर सोडल्यावरही नदीची कथा संपत नाही. पाण्यातील कुजणारी घाण खाणारे जंतू पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. तो कमी झाला की मासे जगत नाहीत. कुही तालुक्यातील आंभोरा येथे पाच नद्यांचा संगम मानतात. आज तो परिसर गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्यात आहे. वाहते पाणी जेथे संथ होते, तेथे गाळ बसतो व सांडपाण्यातील पोषक द्रव्यांवर जलपर्णी माजते. वैनगंगेवर अवलंबून असलेल्या भंडाऱ्यात नागेच्या घाणीची तक्रार अनेक वर्षे होत आली आहे. जो घाण सोडतो तो वरच्या अंगाला राहतो आणि जो पितो तो खालच्या अंगाला, ही यातील खरी अडचण होय.

उपाय नाहीत असे नव्हे. भांडेवाडी येथे सांडपाणी शुद्ध करून कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रास पुरविले जाते. तितके नदी-धरणांचे पाणी वाचते. परंतु जे सांडपाणी मलवाहिनीत येतच नाही, ते शुद्धीकरण केंद्रापर्यंत पोहोचणार कसे?

आता कोणी म्हणेल, हा शहराचा प्रश्न आहे. तसे नाही. विहिरीच्या वरच्या अंगाला उकिरडा किंवा शोषखड्डा असेल, तर त्याचा पाझर विहिरीत उतरतो. नत्रयुक्त खत प्रमाणाबाहेर टाकले, तर नायट्रेट भूजलात जाते. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम ठरविलेली आहे. त्याहून अधिक असल्यास तान्ह्या बाळास धोका असतो, आणि पाणी उकळून नायट्रेट जात नाही. शिवाय निर्मळ दिसणारे पाणी निर्धोक असतेच असे नाही, कारण हगवण व कावीळ पसरविणारे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत.

शिक्षकाने येथून आरंभ करावा. पावसाळ्यापूर्वी एका कोरड्या दिवशी वरच्या वर्गातील मुलांना घेऊन शाळेजवळच्या नाल्याच्या काठाने चढत जावे. पाणी कोठून येते, वाटेत उकिरडे, गोठे, शौचालये, विहिरी व हातपंप कोठे आहेत, हे मुलांनी कागदावर काढावे. पूर असता कोणासही काठाशी नेऊ नये आणि नाल्याच्या पाण्यात हात घालू देऊ नये. पहिल्या पावसाचे व आठवड्यानंतरचे पाणी शिक्षकाने स्वतः दोन स्वच्छ बाटल्यांत भरून एक दिवस स्थिर ठेवावे. तळाशी बसलेला गाळ मुलांनी पट्टीने मोजावा. पिण्याच्या पाण्यासाठी हायड्रोजन सल्फाइडची कुपी वापरावी. एक-दोन दिवसांत त्यातील पाणी काळे पडले, तर ते दूषित असल्याचा संशय धरावा व आरोग्य सेवकास त्वरित कळवावे. १,००० लिटर पाण्यास चांगल्या प्रतीची सुमारे २.५ ग्रॅम ब्लीचिंग पावडर पुरते आणि पाणी तासाभराने वापरावे, हा हिशेब गणिताच्या तासाला अवश्य घ्यावा.

मुलांनी काढलेला नकाशा वर्गाच्या भिंतीवरच राहू नये. त्याची एक प्रत ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठा व स्वच्छता समितीपुढे ठेवावी, आणि उकिरडा हलविला गेला की नाही हे पुढील वर्षीच्या मुलांनी त्याच वाटेने जाऊन पाहावे.