रबर जळल्याचा वास

पस्तीस वर्षें खडू आणि फळा यांच्या सहवासांत घालविलेल्या माणसानें मोटारीच्या यंत्रावर बोलावें, हें कांहीं जणांस धार्ष्ट्याचें वाटेल. मी यंत्रज्ञ नाहीं. परंतु विद्यार्थ्याचें उत्तर चुकलें, तर तें नुसतें खोडून भागत नाहीं. चूक कोणत्या पायरीला झाली तें शोधावें लागतें, एवढें मला माझ्या पेशानें शिकविलें आहे. तेवढ्याच भांडवलावर आजचा विषय घेतला आहे.

माझा पुतण्या हंगामांत पांचगणीहून पुण्याच्या बाजारांत स्ट्रॉबेरी पोंचवितो. त्याच्याजवळ डिझेलवर चालणारी एक जुनी पिकअप गाडी आहे. २०२४ च्या जानेवारींत या गाडीला रबर जळल्यासारखा उग्र वास येऊं लागला. गॅरेजांत पाहिलें, तों इंजिनाच्या तोंडाशीं फिरणारा रबरी पट्टा, ज्याला आपण फॅनबेल्ट म्हणतों, तो झिजलेला आढळला. तो बदलला. आठ दिवसांनीं पुन्हां तोच वास! दुसरा पट्टा घातला. पंधरवड्याच्या आंत त्याच्याहि कडा कांचेसारख्या चकाकूं लागल्या आणि दोरे सुटूं लागले. पुतण्या म्हणाला, "काका, आतां त्या वासाची संवय झाली. हंगाम संपला कीं पाहूं."

'संवय झाली' हे शब्द ऐकून मी चपापलों. मीं त्याच्या हातीं एक वही दिली आणि सांगितलें, "वास केव्हां येतो, कोठून येतो आणि त्याबरोबर आवाज कोणता होतो, एवढेंच चार दिवस लिही."

श्रोतेहो, या तीन प्रश्नांत निम्मी परीक्षा होऊन जाते. वास उतार उतरल्यावर येत असेल, आणि एकच चाक इतरांहून अधिक तापलें असेल, तर तेथला ब्रेक अडकून राहिला आहे असें समजावें. अशा चाकाला हात लावूं नये. हात नुसता जवळ नेला तरी धग कळते. त्यावर पाणीहि ओतूं नये, तापलेलें लोखंड तडकण्याचा संभव असतो. कधीं कधीं हातब्रेक पुरता सोडलेला नसतो, एवढेंच कारण निघतें. वास चढावर येत असेल, इंजिनाचा आवाज वाढूनहि वेग वाढत नसेल, तर क्लच घसरत आहे. माल भरल्यावरच वास येत असेल, तर टायर वरच्या पत्र्याला घांसत आहे कीं काय तें पाहावें. घांसल्याची खूण पत्र्याच्या आंतल्या अंगास दिसते. रस्त्यावरची एखादी प्लास्टिकची पिशवी तापलेल्या सायलेन्सरला चिकटली, तरी असाच वास सुटतो. पण वास डॅशबोर्डच्या मागून येत असेल, तर मात्र तर्क करीत बसूं नये. तो तारेवरचें वेष्टन जळण्याचा वास असण्याचा संभव असतो. गाडी कडेला घेऊन बंद करावी, सर्वांस खालीं उतरवावें आणि जाणत्याकडून बॅटरीची जोडणी सोडवावी.

पुतण्याच्या वहींत चारहि दिवस एकच नोंद होती: पहांटे गाडी सुरू करतांच किंचाळल्यासारखा आवाज आणि वास, दिवे लावले कीं दोन्ही अधिक, चढ-उताराचा संबंध नाहीं. म्हणजे घसरत होता तो पट्टाच. पण नवा पट्टा घसरावा कां?

ती वही घेऊन आम्ही वाईच्या एका वृद्ध मिस्त्र्याकडे गेलों. त्यानें इंजिन थंड होऊं दिलें, किल्ली काढून घेतली, पट्टा उतरविला आणि एकेक पुली हातानें फिरवून पाहिली. पाण्याच्या पंपाची पुली सहज फिरली. वीज उत्पन्न करणाऱ्या आल्टरनेटरची मात्र खरखरत, अडखळत फिरूं लागली. आंतलें बेअरिंग गेलें होतें. दिवे लागले कीं आल्टरनेटरवरील भार वाढे, अडलेली पुली पट्ट्याला दाद देईना, आणि पट्टा तिच्यावर घसरून जळे. जळत होता तो पट्टा. दोषी होतें तें बेअरिंग. शिक्षा मात्र दोनदां पट्ट्यालाच झाली होती!

बेअरिंग बदललें, पुल्या एका रेषेंत आहेत कीं नाहींत तें पाहिलें, आणि नवा पट्टा फार सैल नाहीं, फार ताणलेला नाहीं असा बसविला. वास गेला.

मग मिस्त्र्यानें आल्टरनेटरच्या पाठीमागचा एक लहानसा पंप दाखविला. कित्येक डिझेल गाड्यांत ब्रेकला साहाय्य करणारी निर्वात शक्ति याच पंपांतून येते. पट्टा तुटला, तर आल्टरनेटर थांबतो आणि त्याबरोबर हा पंपहि. एक-दोन वेळां ब्रेक नेहमीसारखा लागतो. पुढें पायाखालीं जणूं दगड आहे असें वाटतें. सारा जोर लावला तर गाडी थांबते, पण लांब जाऊन थांबते. पसरणीच्या घाटांत, अंधारांत, भरल्या गाडीनिशीं! पुतण्या कांहींच बोलला नाहीं. तीन आठवडे तो त्याच घाटानें रोज उतरत होता.

आपणांपैकीं बहुतेकांजवळ मालाची गाडी नसेल, पण चार माणसांची असेल. तिला वास आला तर अत्तराची कुपी टांगून तो झांकूं नका. केव्हां, कोठून आणि कोणत्या आवाजासह, एवढें टिपून ठेवा आणि मिस्त्र्यापुढें ठेवा. आणि त्यानें एखादा भाग बदलला, तर नम्रपणें एक प्रश्न विचारा: "हा भाग खराब झाला खरा, पण तो खराब कशानें झाला?"

हा प्रश्न आम्हीं पहिल्याच पट्ट्याच्या वेळीं विचारावयास हवा होता. तो आपण वेळेवर विचाराल अशी आशा बाळगून आपली रजा घेतों.