नंदुरबारचे वाणी, चिनी झाड आणि आपला नरक्या

(मंडळाच्या गणेशोत्सवात करोल बाग येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या वर्षी आरतीनंतर आपल्यातल्या एका गृहस्थांनी मला बाजूला घेऊन विचारले, "आईला आतड्याचा कॅन्सर आहे. गावाकडून नरक्याची साल मागवली आहे. उकळून दिली तर चालेल ना?" हातात प्रसाद, भोवती गर्दी. मी "नका देऊ" एवढेच म्हणालो. त्यांचे समाधान झाले नाही. तेव्हा उरलेले उत्तर आज देतो.

चीनमध्ये 'शी शू' नावाचे झाड आहे. नावाचा अर्थ आनंदाचे झाड. तिकडच्या पारंपरिक औषधात ते वापरतात. कॅलिफोर्नियात लावलेल्या अशाच झाडाचा अर्क कॅन्सरवर गुण दाखवतो असे अमेरिकेत आढळले. त्यातले नेमके द्रव्य १९६६ साली वेगळे केले मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी. हे वाणी १९२५ साली जन्मले आपल्या नंदुरबारला! मुंबई विद्यापीठातून एम.एस्सी. करून ते पुढे अमेरिकेला गेले. द्रव्याचे नाव कॅम्प्टोथेसिन. १९७१ साली याच जोडीने टॅक्सॉलची रचनाही शोधली. २०२० साली वाणी वारले. इतक्या मोठ्या माणसाचे नाव आपल्याकडे किती जणांना ठाऊक आहे?

आता नरक्या. फुलांना घाण वास, म्हणून हे नाव. १९७२ साली गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी तेच कॅम्प्टोथेसिन आपल्या सह्याद्रीतल्या या झाडात दाखवले. गोविंदाचारी तेव्हा गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्राचे संचालक होते. चिनी झाडापेक्षा नरक्यात ते जास्त निघते, आणि तेच त्याच्या मुळावर आले. कोकणात, कोल्हापूरकडे चोरटी तोड झाली, पोत्यांनी तुकडे बाहेर गेले.

हे द्रव्य करते काय? पेशीतला डीएनए म्हणजे पीळ घातलेला दोर. पेशी दुभंगण्याआधी त्याची नक्कल व्हायची तर पीळ सैल करावा लागतो. टोपोआयसोमरेज-१ नावाचे विकर दोराचा एक पदर कापते, पीळ सोडते आणि पुन्हा सांधते. कॅम्प्टोथेसिन नेमके त्या कापलेल्या जागी पाचरीसारखे बसते आणि सांधू देत नाही. मागून नक्कल करणारी यंत्रणा येऊन तिथे धडकते, दोन्ही पदर तुटतात आणि पेशी मरते. हे कोडे १९८५ साली सुटले. कॅन्सरच्या पेशी भराभर दुभंगतात म्हणून त्यांना फटका जास्त. पण आतड्याचे अस्तर आणि हाडातला मगज यांच्या पेशीही भराभर वाढतात, त्याही सापडतात.

सालीतले द्रव्य चांगले, मग साल का नको? आपल्यातले बरेच जण गलाईतले. केरातून सोने निघते, म्हणून कोणी केराची पुडी देऊन त्याला तोळा म्हणत नाही. कोणत्या झाडाच्या सालीत किती द्रव्य आहे ते डोळ्यांना कळत नाही. आणि शुद्ध द्रव्यानेसुद्धा दगा दिला आहे. ते पाण्यात विरघळेना, म्हणून १९७० च्या सुमारास त्याचा सोडियमचा क्षार करून रोग्यांना दिला. औषधाची ताकद गेली, मूत्राशयात मात्र ते पुन्हा मूळ रूपात येऊन रक्तस्राव होऊ लागला. चाचण्या थांबवाव्या लागल्या. अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या हातून हे झाले, तिथे आपल्या चुलीवरच्या पातेल्याचे काय!

पुढे जपानात रेणूत फेरफार करून इरिनोटेकान तयार झाले. करणारी कंपनी याकुल्ट, तीच लहान बाटल्यांची. १९९६ साली अमेरिकेत ते मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी मंजूर झाले. मात्रा रोग्याच्या उंची-वजनावरून काढतात, आधी रक्त तपासतात, जुलाब लागले तर काय घ्यायचे ते आधीच सांगून ठेवतात.

परवा ते गृहस्थ आईची फाईल घेऊन घरी आले होते. साल त्यांनी दिली नव्हती. सलाईनमधून चाललेल्या औषधांची यादी मी वाचली, त्यात इरिनोटेकान होते. आईला जुलाबाचा फार त्रास झाला, आता थोडे जेवतात म्हणाले. सालीची पिशवी अजून माळ्यावरच आहे.