बिनतारी ब्रॉडबँड आणि विद्यापीठ-परिसर : शिबपूरच्या निमित्ताने



हुगळी नदीच्या पश्चिम तीरावर, हावडा शहराच्या दक्षिण भागात शिबपूर हा परिसर आहे. १८५६ साली कोलकात्यात स्थापन झालेले अभियांत्रिकी महाविद्यालय १८८० मध्ये येथे आले. २००४ मध्ये त्यास विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि २०१४ मध्ये ‘भारतीय अभियांत्रिकी विज्ञान व तंत्रज्ञान संस्था’ या नावाने ती राष्ट्रीय महत्त्वाची संस्था झाली. हावड्यासारख्या दाट वस्तीच्या शहरात असूनही वसतिगृहे, प्रयोगशाळा व निवासस्थाने यांमुळे या परिसराचे स्वरूप एखाद्या लहान विद्यापीठ-नगरासारखे आहे. अशा ठिकाणी प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती वेगवान बिनतारी इंटरनेट पोहोचवावयाचे असेल, तर काय करावे लागते, हा आजचा विषय आहे.

पार्श्वभूमी

दूरसंचाराच्या इतिहासात या भूमीचे स्थान मोठे आहे. कोलकाता वैद्यकीय महाविद्यालयातील प्राध्यापक विल्यम ओशॉनेसी यांनी १८३९ मध्ये शिबपूरच्या वनस्पती उद्यानात तारा पसरून विद्युत संदेशवहनाचे प्रयोग केले. पुढे त्याच शतकाच्या अखेरीस आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्यात मिलिमीटर लांबीच्या रेडिओ लहरींचे प्रात्यक्षिक दाखविले. २००९ पासून हे उद्यान त्यांच्याच नावाने ओळखले जाते. भारतातील पहिला मोबाइल संवादही ३१ जुलै १९९५ रोजी येथूनच झाला. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्यातून दिल्लीतील केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी तो साधला होता.

ब्रॉडबँडच्या बाबतीत २०१० हे वर्ष निर्णायक ठरले. त्या वर्षी मे महिन्यात थ्रीजी स्पेक्ट्रमचा आणि जूनमध्ये ‘ब्रॉडबँड वायरलेस अ‍ॅक्सेस’ स्पेक्ट्रमचा लिलाव पूर्ण झाला. दुसऱ्या लिलावातून शासनास सुमारे ३८,५०० कोटी रुपये मिळाले. २३०० मेगाहर्ट्झ पट्ट्यातील २० मेगाहर्ट्झचे गट त्यात विकले गेले. कोलकाता परिमंडळात एक गट एअरटेलने घेतला होता. या परिमंडळात हावडाही येते. १० एप्रिल २०१२ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री कपिल सिब्बल यांच्या हस्ते कोलकात्यात देशातील पहिल्या फोरजी सेवेचे उद्घाटन झाले. त्याच वर्षी बंगळुरू व पुणे येथेही ती सुरू झाली.

तथापि पहिली सेवा आली म्हणजे ती सर्वांपर्यंत पोहोचली, असे झाले नाही. ती प्रारंभी केवळ डेटासाठी होती आणि त्यासाठी संगणकास जोडावयाचे वेगळे उपकरण विकत घ्यावे लागे. साध्या विद्यार्थ्याच्या आवाक्यात फोरजी आले ते सप्टेंबर २०१६ नंतर, म्हणजे रिलायन्स जिओच्या आगमनामुळे दर कोसळल्यावर व स्वस्त हँडसेट उपलब्ध झाल्यावर. तंत्रज्ञान, दर आणि उपकरण या तिन्ही गोष्टी जुळून आल्याविना प्रसार होत नाही, हे यावरून लक्षात घ्यावे.

वाटून घ्यावयाची क्षमता

बिनतारी जाळ्याचे मूळ एकक ‘सेल’ होय. एका मनोऱ्यावरील अँटेना साधारणतः तीन दिशांना तीन क्षेत्रे व्यापतात. प्रत्येक क्षेत्राची क्षमता त्यातील सर्व ग्राहकांत विभागली जाते. जाहिरातीतील वेग हा बहुधा मनोऱ्याजवळच्या एकट्या ग्राहकास मिळू शकणारा कमाल वेग असतो.

एक काल्पनिक गणित पाहू. समजा, एका क्षेत्रास २० मेगाहर्ट्झ स्पेक्ट्रम उपलब्ध आहे आणि दर हर्ट्झमागे सेकंदाला सरासरी १.५ बिट माहिती जाते. एकूण क्षमता ३० मेगाबिट प्रतिसेकंद झाली. टीडी-एलटीई तंत्रात एकच लहरपट्टा आळीपाळीने पाठविण्यास व घेण्यास वापरला जातो. त्यातील दोन-तृतीयांश वेळ ग्राहकाकडे येणाऱ्या माहितीसाठी ठेवला, तर एका क्षेत्रास २० आणि तीन क्षेत्रांस मिळून ६० मेगाबिट उरतात. मनोऱ्याच्या कक्षेत १,२०० विद्यार्थी राहतात आणि रात्री नऊ वाजता त्यांतील ३०० जण एकाच वेळी माहिती उतरवीत आहेत, असे मानू. प्रत्येकाच्या वाट्यास ०.२ मेगाबिट, म्हणजे २०० किलोबिट येतात. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने ठरविलेली किमान मर्यादा २५६ किलोबिट होती, तर जानेवारी २०२३ पासून ती २ मेगाबिट आहे. ही नवी मर्यादा गाठण्यास त्या ३०० जणांसाठी ६०० मेगाबिट, म्हणजे दहापट क्षमता हवी.

ही तूट भरून काढण्याचे मार्ग तीन. पहिला, अधिक स्पेक्ट्रम; २०२२ च्या लिलावात आलेल्या ३३०० मेगाहर्ट्झ पट्ट्यामुळे फाइव्हजीला रुंद लहरपट्टे मिळाले. दुसरा, अनेक अँटेनांच्या साहाय्याने त्याच स्पेक्ट्रममधून अधिक माहिती वाहून नेणे. तिसरा, सेल लहान करून त्यांची संख्या वाढविणे. वारंवारता जितकी उच्च, तितकी लहरींची भिंती व झाडे भेदण्याची शक्ती कमी. जुन्या जाड विटांच्या इमारती, अरुंद गल्ल्या आणि गर्द वृक्षराजी असलेल्या शिबपूरसारख्या भागात तिसरा मार्ग त्यामुळेच टाळता येत नाही.

बिनतारी जाळ्याचा तारेचा पाया

परंतु सेल वाढले की प्रत्येक सेलपर्यंत ऑप्टिकल फायबर व वीज नेणे आले. ‘बिनतारी’ असतो तो ग्राहकापर्यंतचा शेवटचा काहीशे मीटरांचा टप्पा. त्यामागचा प्रवास मुख्यतः तारेतूनच होतो. मनोऱ्यास मिळणारी जोडणी अपुरी असेल, तर उत्तम अँटेनाही निरुपयोगी ठरते.

याचा कठोर प्रत्यय २० मे २०२० रोजी आला. कोविडमुळे शिक्षणसंस्था बंद होत्या आणि अध्यापन मोबाइलच्या पडद्यावर आले होते. अशा वेळी ‘अम्फान’ चक्रीवादळाने कोलकाता व हावडा परिसरास तडाखा दिला. हजारो झाडे कोसळली, वनस्पती उद्यानातील प्रसिद्ध महावटवृक्षाचीही हानी झाली. वीज गेली, झाडांबरोबर वर टांगलेल्या फायबर केबल तुटल्या आणि मोबाइल सेवा विस्कळीत झाली. ज्याच्याजवळ केवळ मोबाइल होता, त्या विद्यार्थ्याचा वर्ग त्या दिवशी बंद पडला. भूमिगत फायबर, पुरेशी बॅटरी आणि दोन वेगळ्या मार्गांनी येणारी जोडणी यांवर होणारा खर्च एरवी दिसत नाही. आपत्तीत मात्र सेवा टिकते ती त्याच्याच बळावर.

धोरणाची दिशा

या दृष्टीने काही निर्णय एकत्र अभ्यासावेत. मार्च २०१० मध्ये मंजूर झालेल्या ‘राष्ट्रीय ज्ञान जाळ्या’ने उच्चशिक्षण व संशोधन संस्था वेगवान फायबरने जोडण्याचे कार्य हाती घेतले. संस्थेच्या दारापर्यंत आलेली ही क्षमता वसतिगृहाच्या खोलीपर्यंत वाय-फायद्वारे नेल्यास मोबाइल सेलवरील भार हलका होतो. परिसराबाहेर भाड्याने राहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेली ‘पीएम-वाणी’ योजना उपयोगी पडते. तीत लहान दुकानदारही परवान्याविना सार्वजनिक वाय-फाय केंद्र चालवू शकतो. केबल टाकण्याच्या व मनोरे उभारण्याच्या परवानग्यांसाठी २०१६ मध्ये मार्गाधिकार नियम करण्यात आले. त्यांची जागा घेणारे नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले. मनोऱ्यांच्या किरणोत्सर्गाविषयीची लोकांची शंकाही दुर्लक्षिता येत नाही. १ सप्टेंबर २०१२ पासून भारताने त्याची मर्यादा आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या एक-दशांश इतकी ठेवली आहे.

मूल्यमापनाची कसोटीही बदलावयास हवी. ‘शहर व्यापले’ या विधानातून खोलीतील वेग कळत नाही. ट्रायच्या २०२४ च्या सेवा-गुणवत्ता विनियमांनी कंपन्यांना व्याप्तीचे नकाशे प्रसिद्ध करण्यास सांगितले, हे योग्य पाऊल होय. त्यापुढे जाऊन विद्यापीठ-परिसरात गर्दीच्या वेळी, इमारतीच्या आत आणि वीज गेल्यावर सेवा कशी चालते, याची नियमित नोंद संस्थांनी स्वतः ठेवावी. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना ते प्रकल्प म्हणूनही देता येईल.

स्पेक्ट्रम ही मर्यादित सार्वजनिक संपत्ती आहे. तिच्या लिलावातून किती महसूल आला, हा प्रश्न परीक्षेत वारंवार विचारला जातो. वसतिगृहाच्या शेवटच्या खोलीतील विद्यार्थ्याच्या वाट्यास तिच्यातून काय आले, हा प्रश्नही तितक्याच गांभीर्याने विचारला गेला पाहिजे.