मुलांचे प्रश्न आणि घरची तालीम

(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मुलांना शाळेत न पाठविता घरीच शिकवावे काय, आणि तसे केल्याने त्यांचे ईमान व त्यांची बुद्धी दोन्ही अधिक चांगली फुलतील काय, या विषयावर मी बोलावे असे चिटणीस साहेबांनी कळविले आहे. हा विषय आपल्याकडे नवा वाटतो. २०२० च्या मार्चमध्ये साथीमुळे शाळा बंद झाल्या तेव्हापासून तो घराघरांतून निघू लागला. शाळेवाचूनही मूल शिकते, असा अनुभव काही आईबापांना त्या काळात आला. शाळा नसली म्हणजे मूल दिवसभर मोबाईलवर बोट फिरवीत बसते, असा अनुभव इतरांना आला, आणि त्यांची संख्या थोडी नव्हती. हे दोन्ही अनुभव खरे आहेत.

घरशिक्षणाचा विचार करणाऱ्या पालकांशी बोलल्यावर त्यांचे दोन हेतू दिसतात. एक, शाळेच्या पाठांतरात मुलाची कल्पनाशक्ती मरते. दुसरा, बाहेरच्या वाऱ्याने त्याचा दीन कमजोर होईल ही भीती. पहिल्या हेतूशी माझे भांडण नाही. दुसऱ्याविषयी मात्र थोडे सविस्तर बोलावे लागेल, कारण ही भीती आपल्या आधी एका फार मोठ्या माणसाच्या वडिलांना वाटली होती.

मौलाना अबुल कलाम आझाद यांचा जन्म १८८८ साली मक्केत झाला आणि बालपण कलकत्त्यास गेले. त्यांचे वडील मौलाना खैरुद्दीन हे जुन्या वळणाचे विद्वान. नव्या शिक्षणाने धर्मश्रद्धा नष्ट होते, असे त्यांचे ठाम मत होते, म्हणून त्यांनी मुलाला शाळेत घातले नाही. कलकत्त्याच्या मदरशाबद्दलही त्यांचे मत फारसे चांगले नव्हते. प्रथम त्यांनी स्वतः शिकविले, मग विषयवार शिक्षक घरी नेमले. फारसी, अरबी, तत्त्वज्ञान, भूमिती, बीजगणित, सारे घरात झाले. जो अभ्यासक्रम पुरा करण्यास विद्यार्थ्याला विशी-पंचविशी गाठावी लागे, तो त्यांनी सोळाव्या वर्षी संपविला. एवढे ऐकून पुष्कळांना वाटेल की घरशिक्षणाचा विजय झाला.

पण पुढचा भाग मौलानांनी आपल्या आत्मचरित्रात स्वतःच सांगितला आहे. सर सय्यद अहमद खान यांचे लेखन त्यांच्या वाचनात आले आणि इंग्रजी आल्याशिवाय आजचे ज्ञान मिळणार नाही, हे त्यांच्या मनाने घेतले. मुळाक्षरे एकाकडून शिकून घेतली. नंतर इंग्रजी बायबल पुढे ठेवून, त्याच्या फारसी आणि उर्दू भाषांतरांशी ओळ न् ओळ ताडून, शब्दकोश हाती घेऊन ती भाषा त्यांनी एकट्याने आत्मसात केली. आणि याच वयात त्यांच्या मनात शंका उठल्या. धर्म जर सत्य सांगतो तर धर्माधर्मांत आणि पंथापंथांत इतका विरोध का? काही वर्षे या शंकांनी त्यांना झोप लागू दिली नाही. घरात वारशाने आलेल्या समजुतींपासून आपण मोकळे झालो, हे दाखविण्यासाठीच त्यांनी ‘आझाद’ हे नाव धारण केले. पुढे त्यांनी कुरआनवर जे भाष्य लिहिले, ते या शंकांतून पार झालेल्या माणसाचे आहे.

पालकांनो, याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. वडिलांनी दारे-खिडक्या लावून घेतल्या, तरी शंका आत आलीच. ती बाहेरून आलीच नव्हती, विचार करणाऱ्या मुलाच्या डोक्यातूनच ती निघाली होती. तेव्हा शंका टाळण्यासाठी कोणी मुलाला घरी ठेवीत असेल, तर ते घर त्या कामी यायचे नाही. शंका मोकळेपणाने विचारता यावी म्हणून कोणी त्याच्याजवळ बसत असेल, तर ते निराळे. खुद्द हजरत इब्राहीम (अ.) यांनी मेलेल्यांना तू कसे जिवंत करतोस ते दाखव, अशी विनंती अल्लाहपाशी केली, आणि ती मनाच्या समाधानासाठी आहे असे सांगितले. ही गोष्ट सूरह बकरहमध्ये आहे. त्या प्रश्नाबद्दल त्यांना शिक्षा झाली नाही, उत्तर मिळाले. आपल्याकडे मात्र दहा वर्षांच्या पोराने असे काही विचारले की प्रथम “तौबा कर” आणि मग पाठीत धपाटा!

आता घरी शिकलेल्या एका मुलीची हकीकत सांगतो. रुकय्या सखावत हुसेन, जन्म १८८०, गाव रंगपूर जिल्ह्यातील पैराबंद, आज ते बांगलादेशात आहे. घर जमीनदाराचे, पडदा कडक. मुलींना अरबी वाचायला शिकवीत, पण बंगाली आणि इंग्रजी वर्ज्य. थोरल्या बहिणीने तिला बंगालीची गोडी लावली आणि थोरल्या भावाने, घर झोपल्यावर, रात्री दिव्याच्या उजेडात इंग्रजी शिकविले. हेही घरशिक्षणच म्हणायचे. १९०५ साली तिने इंग्रजीत एक अद्भुत कथा लिहिली. तिच्यात पुरुष घरात पडद्यात आहेत, आणि बायका सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक करतात व हवेतून फिरणारी वाहने चालवितात. कल्पनाशक्ती म्हणतात ती हीच. पण यानंतर या बाईंनी काय केले? पती वारल्यावर १९०९ साली त्यांनी भागलपूरला पाच मुली घेऊन शाळा काढली, आणि १९११ साली कलकत्त्यात आठ मुलींवर पुन्हा आरंभ केला. दारोदार जाऊन आईबापांना विनविले की मुलीला माझ्याकडे पाठवा. मौलाना आझादांचेही तसेच. शाळेचे तोंड न पाहिलेला हा माणूस १९४७ पासून १९५८ पर्यंत देशाचा शिक्षणमंत्री होता. घरी शिकलेल्या या दोघांचे आयुष्य दुसऱ्यांच्या मुलांसाठी शाळा उभारण्यात गेले.

हे मी मुद्दाम सांगतो, कारण आपल्या समाजात “आम्ही तिला घरी शिकवतो” या वाक्याचा दुसराच अर्थ होऊ लागला आहे. सातवी-आठवी झाली, शाळा लांब आहे, रस्ता चांगला नाही, म्हणून मुलीला घरी बसविले जाते. सहा महिन्यांनी चौकशी करावी तर पुस्तके माळ्यावर गेलेली आणि मुलगी धाकट्या भावंडांना सांभाळते आहे. याला घरशिक्षण म्हणू नका. ज्या घरात रोज ठराविक वेळी कोणीतरी मोठे माणूस मुलाजवळ बसत नाही, तिथे शिक्षण चाललेले नाही.

कायद्याची बाजूही माहीत असावी. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्यात सहा ते चौदा वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य सांगितले आहे. घरशिक्षणाची वेगळी सोय त्यात नाही. पालकांना दंडही सांगितलेला नाही, म्हणून काही कुटुंबे तो मार्ग चालतात. शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या इयत्तेत प्रवेश देण्याची तरतूद याच कायद्यात आहे, ती विसरू नका. पुढे परीक्षेसाठी दोन वाटा आहेत. एक, आपल्या राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म, जो बहुतेकांना ठाऊक आहे. दुसरी, राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. तिथे दहावीसाठी वयाची चौदा वर्षे पुरी लागतात, माध्यमांत मराठी आणि उर्दू दोन्ही आहेत, आणि नोंदणीनंतर पाच वर्षांत नऊ वेळा परीक्षेस बसता येते, विषय थोडेथोडे करूनही सोडविता येतात. जी मुलगी आधीच घरी बसली आहे तिच्या बापाने ही माहिती घेऊन जावी. बाकीच्यांना माझा सल्ला असा की शाळा सोडवू नका, आणि घरची तालीम शाळेवर सोपवूही नका.

ती घरची तालीम कशी असावी? हदीसच्या ग्रंथांत, अबू दाऊद यांच्या संग्रहात, एक प्रसंग आला आहे. बीबी आयशा (रजि.) यांच्या बाहुल्यांत पैगंबर साहेबांना (स.) चिंध्यांचे पंख लावलेला एक घोडा दिसला. हे काय, असे त्यांनी विचारले. घोडा, असे उत्तर मिळाले. घोड्याला पंख? तेव्हा हजरत सुलेमान (अ.) यांच्या घोड्यांना पंख होते हे तुम्ही ऐकले नाही काय, असा उलट प्रश्न आला, आणि पैगंबर साहेब मनमुराद हसले. त्यांनी पंख उपटले नाहीत. धर्माची ऐकलेली कथा आणि खेळातली कल्पना त्या चिंधीच्या घोड्यात एकत्र शिवली गेली होती. चित्रकलेविषयी उलेमांत मतभेद आहेत, त्यात मी पडत नाही. पण वेलबुट्टी, परकाराने काढलेली नक्षी, बोरूने गिरविलेली अक्षरे यांना कोणाची हरकत आहे? औरंगाबादच्या सहलीत बिबी का मकबऱ्यातील संगमरवरी जाळी मुलांना पाच मिनिटे नुसती पाहू द्या, आणि घरी आल्यावर कंपासपेटी हाती द्या. एक कोन चुकला की सारी जाळी चुकते, हे त्यांचे त्यांनाच कळते.

गणित-भूगोलही घरात पडलेले आहेत. रमजानचे वेळापत्रक प्रत्येक घराच्या भिंतीवर असते. नागपूरच्या मामाकडे इफ्तार मुंबईपेक्षा वीस-पंचवीस मिनिटे आधी का होतो, हे मुलाला विचारा, आणि नकाशा समोर ठेवा. रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे का येतो, मग उन्हाळ्यातला रमजान पुन्हा उन्हाळ्यात यायला किती वर्षे लागतील, ते त्यालाच मोजू द्या. उत्तर तेहतीसच्या आसपास येईल. जकातीचा चाळिसावा हिस्सा काढताना वडिलांनी मुलाला शेजारी बसवावे. असे मूल नमाज-रोजा नुसता पाळत नाही, त्याच्यामागचे आकाशही पाहते.

आणि उत्तर येत नसेल तर? तर सलीम अलींच्या मामांनी केले ते करावे. सलीम अली लहानपणीच पोरके झाले, मुंबईत खेतवाडीत मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांच्याकडे वाढले. दहा-बारा वर्षांचे असताना एअरगनने एक चिमणी पाडली, तर तिच्या गळ्यावर पिवळा डाग. असली चिमणी मुसलमानाने खावी की नाही, हा प्रश्न घेऊन पोरगा मामाकडे गेला. मामांना ती चिमणी ओळखता आली नाही. त्यांनी त्याला गप्प बसविले नाही, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलार्ड साहेबांच्या नावे चिठ्ठी देऊन तिकडे धाडले. तिथे साहेबांनी भुसा भरलेल्या पक्ष्यांचे खण उघडून दाखविले, आणि त्या मुलाचे सारे आयुष्य पक्ष्यांत गेले. हलाल-हरामच्या एका बालिश प्रश्नातून हिंदुस्थानला त्याचा सर्वांत मोठा पक्षितज्ज्ञ मिळाला.

याच तय्यबजी घराण्यात एक रीत होती. न्यायमूर्ती बदरुद्दीन तय्यबजींच्या पिढीपासून घरात ‘अखबार’ नावाच्या वह्या ठेवलेल्या असत. त्यांत घरातील कोणीही लिहावे, पुरुष, बायका, मुले. सहल, आजार, पाहुणे, पाऊस, वाद. अलिबागजवळच्या किहीमच्या घरातही अशी वही होती. ही रीत उचलायला तय्यबजींची श्रीमंती लागत नाही. आज घरी जाताना दोनशे पानांची एक वही घ्या, आणि पहिल्या पानावर घरातल्या सर्वांची नावे लिहा. मूल जे लिहील त्यातले शुद्धलेखन दुरुस्त करू नका, ते काम शिक्षकांकडे आहे. त्याने प्रश्न लिहिला असेल, तर आठवड्याच्या आत कोणीतरी त्याच्याखाली काही लिहावे, निदान कोणाला विचारायला जायचे ते तरी. मराठीत लिहा, उर्दूत लिहा, आपल्या घरच्या बोलीत लिहा. आणि पहिली नोंद दादीची किंवा नानीची असू द्या. तिला लिहिता येत नसेल तर तिने सांगावे आणि नातीने लिहून घ्यावे.