चार मिनिटांचा प्रवास आणि दोन दिवसांचे मौन



९ मार्च २०२२ रोजी संध्याकाळी देखभालीचे नित्याचे काम चालू असताना भारताचे एक ब्राह्मोस क्षेपणास्त्र सुटले आणि पाकिस्तानात, पंजाबच्या खानेवाल जिल्ह्यातील मियाँ चन्नू या गावाजवळ जाऊन पडले. पाकिस्तानी लष्कराच्या सांगण्यानुसार ते हद्दीच्या आत १२४ किलोमीटर गेले आणि त्या प्रवासाला चार मिनिटेही लागली नाहीत. जीवितहानी झाली नाही. क्षेपणास्त्रावर अण्वस्त्र तर नव्हतेच, साधे स्फोटकही नव्हते, असे पाकिस्ताननेच जाहीर केले. त्यामुळे विषय लवकर मागे पडला. तो तसा मागे पडण्याजोगा नव्हता.

ते रिकामे होते हे कळले ते जमिनीवर पडल्यानंतर. आकाशात असलेल्या क्षेपणास्त्राच्या पोटात काय आहे, हे रडार सांगत नाही. हा अपघात आहे, हल्ला आहे, की मागून येणाऱ्या शंभरांपैकी हे पहिले आहे, याचा निर्णय समोरच्या अधिकाऱ्याला त्या चार मिनिटांत करावा लागला असता. आणि त्याला मदत करू शकेल अशी एकच गोष्ट होती : दिल्लीहून येणारा दूरध्वनी. तो आला नाही, अशी पाकिस्तानची तक्रार आहे. १० मार्चला पाकिस्तानी लष्कराने वार्ताहर परिषद घेतली; भारताने तांत्रिक बिघाडाची जाहीर कबुली दिली ती ११ तारखेला. घटना अत्यंत खेदजनक असल्याचे सरकारने म्हटले, हे योग्यच झाले. परंतु अण्वस्त्रधारी शेजाऱ्यांच्या बाबतीत कबुलीचे मोल ती किती लवकर येते यावर ठरते.

दोन्ही देशांत करार नाहीत असे नव्हे. अपघाती वा अनधिकृत घटनेची एकमेकांना तात्काळ खबर देण्याचे १९९९ च्या लाहोर सामंजस्य करारात मान्य झाले होते. २००७ मध्ये अण्वस्त्रांच्या अपघातांविषयी स्वतंत्र करारही झाला. क्षेपणास्त्र चाचण्यांची पूर्वसूचना देण्याचा २००५ चा करार मात्र बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांपुरताच आहे. ब्राह्मोस हे क्रूझ जातीचे. ते त्यात बसत नाही. शस्त्रे पुढे गेली, कागद मागे राहिले.

याहून अवघड गोष्ट धोरणातच दडलेली आहे. भारताने ४ जानेवारी २००३ रोजी जाहीर केलेल्या अण्वस्त्रधोरणात प्रथम वापर न करण्याचे वचन आहे, आणि अण्वस्त्र हल्ला झाल्यास प्रचंड व असह्य हानी करणारे प्रत्युत्तर देण्याची घोषणाही आहे. त्यात ‘अपघात’ या शब्दाला जागा नाही. ती ठेवताही येत नाही, कारण धाकाचे सारे बळ प्रत्युत्तराच्या खात्रीत असते. उलट अपघातातून वाचण्याची सारी आशा प्रत्युत्तराच्या विलंबात असते. २६ सप्टेंबर १९८३ रोजी सोव्हिएत इशारा यंत्रणेने पाच अमेरिकी क्षेपणास्त्रे येत असल्याचे दाखविले, तेव्हा स्तानिस्लाव पेत्रोव्ह या अधिकाऱ्याने यंत्रापेक्षा स्वतःच्या शंकेवर अधिक विश्वास ठेवला. खरा हल्ला पाचच क्षेपणास्त्रांनी कोण करील, असा त्याचा साधा तर्क होता. प्रथम वापर न करण्याच्या वचनाचे खरे मोल येथे आहे : ते अशा शंकेला वेळ देते. हे वचन पाकिस्तानने दिलेले नाही.

पण शहर खरोखरच बेचिराख झाल्यावर शेजाऱ्याने ‘चूक झाली’ असे कळविले तर? १९६२ च्या ‘फेल-सेफ’ या अमेरिकी कादंबरीत राष्ट्राध्यक्ष चुकून नष्ट झालेल्या मॉस्कोच्या बदल्यात स्वतःच न्यूयॉर्कवर बॉम्ब टाकण्याचा हुकूम देतो. सावकारसुद्धा कर्ज फेडायला शेजारच्या गल्लीतली माणसे मागत नाही. आणि न्यूयॉर्ककरांना कोणी विचारलेलेही नव्हते.

भरपाईचा याहून शहाणा मार्ग इतिहासात सापडतो. जानेवारी १९७८ मध्ये अणुभट्टी असलेला ‘कॉसमॉस ९५४’ हा सोव्हिएत उपग्रह कॅनडाच्या वायव्य भागात कोसळला आणि किरणोत्सारी अवशेष विस्तीर्ण प्रदेशात विखुरले. कॅनडाने सुमारे ६० लाख डॉलरचा दावा केला. १९८१ मध्ये ३० लाखांवर तडजोड झाली. रक्कम अपुरी, पण तत्त्व मोठे. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार उपग्रहाने जमिनीवर केलेल्या हानीची जबाबदारी तो सोडणाऱ्या राष्ट्राची असते. चूक कोणाची, हे सिद्ध करत बसावे लागत नाही. क्षेपणास्त्रांबाबत असा करार नाही. मियाँ चन्नूनंतर पाकिस्तानने संयुक्त चौकशी मागितली, भारताने ती मान्य केली नाही. स्वतः चौकशी करून ऑगस्ट २०२२ मध्ये हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ केले. पुढे न्यायालयात सरकारने या प्रकारात तिजोरीचे २४ कोटींचे नुकसान झाल्याचे सांगितले. शेजाऱ्याच्या मनात उरलेल्या संशयाचा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात दाखवला जात नाही.

क्रूझ क्षेपणास्त्रांचा करारात समावेश, काही मिनिटांत कबुली देण्याचे बंधन, संयुक्त चौकशी आणि ठरलेली भरपाई, या मागण्या भाबड्या नाहीत. २००५ व २००७ चे करार बोलणी चालू असताना झाले, हे मात्र खरे. मे २०२५ च्या चार दिवसांच्या संघर्षात ब्राह्मोस प्रत्यक्ष वापरले गेले आणि १० मे रोजी दोन्हीकडच्या लष्करी कारवाई महासंचालकांच्या दूरध्वनीवरील बोलण्यानंतर गोळीबार थांबला. म्हणजे तार शाबूत आहे. परंतु यापुढे एखादे क्षेपणास्त्र चुकून हद्द ओलांडेल, तेव्हा पलीकडचा अधिकारी ते २०२२ च्या नव्हे, २०२५ च्या आठवणीने पाहील.